दोनदा पॅकिंग बदलूनही गळणारी स्प्लेंडर : क्लच कव्हरच्या गळतीचं एक प्रकरण

गाडी २०१२ ची स्प्लेंडर प्लस, कार्बोरेटरवाली, मीटरवर ६८ हजारांच्या वर. ठाण्याच्या कळव्यात खारेगावातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि रोज विटावा, दिघा, ऐरोली करत रबाळे एमआयडीसीपर्यंत ये-जा करते. तक्रार अशी की रात्री डबल स्टँडवर लावली की सकाळी इंजिनखाली उजव्या अंगाला तळहाताएवढा तेलाचा डाग. सिग्नलला थांबली की जळक्या तेलाचा वास, कारण थेंब सरळ सायलेन्सरच्या पाइपवर पडतो. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायला जेमतेम आठशे किलोमीटर लागत होते.

वर्षभरात दोन वेगवेगळ्या ठिकाणी क्लच कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या उजव्या झाकणाच्या जोडात बसणाऱ्या कागदाचं, पॅकिंग बदलून झालं होतं. (गॅस्केट हा शब्द पुस्तकातला. दुकानात पॅकिंगच मागावं लागतं.) पहिल्या वेळी गळती दीड महिना थांबली, दुसऱ्या वेळी तीन आठवडे. दुसऱ्या वेळी जोडावर बाहेरूनही करड्या सिलिकॉनची जाड वेलबुट्टी काढून दिली होती. तिसऱ्यांदा हे काम मालकाने घरीच, पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी करायचं ठरवलं. काम अवघड नाही. पाने चालवता येणाऱ्या माणसाला साडेचार-पाच तास पुरतात, त्यातला दीड तास नुसता खरवडण्यात जातो. पण पॅकिंग दोनदा बदलूनही गाडी गळते म्हणजे दोष पॅकिंगमध्ये नसणार, एवढं तरी पाना हातात घेण्याआधी कळायला हवं होतं.

गळती नेमकी कुठून

या इंजिनचं सिलिंडर जवळजवळ आडवं, पुढे झोपलेलं असतं. त्यामुळे वर कुठे तेल पाझरलं तरी ते वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली येतं आणि शेवटी ठिबकतं ते इंजिनच्या तळाशी. खालचा थेंब बघून वरचा दोष ठरवला की चुकीचं कव्हर उघडलं जातं. उजव्या बाजूला तेल दिसण्याची पाच ठिकाणं आहेत : हेडवरच्या (सिलिंडरच्या टोकाच्या भागावरच्या) टॅपेटच्या टोप्यांचे ओरिंग (रबरी कडी), सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, किकच्या शाफ्टचं सील, क्लच कव्हरचा जोड आणि ड्रेन बोल्टचा वॉशर. शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. तेल बदलताना तोच जुना चेपलेला वॉशर परत लावला की ड्रेन बोल्टाशी थेंब जमतो आणि खापर पॅकिंगवर फुटतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी इंजिन आधी धुतलं. रॉकेल आणि जुना पेंटचा ब्रश, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. इंजिन पूर्ण थंड आणि कोरडं झाल्यावर कॅरमची पावडर मऊ ब्रशने उजव्या कव्हरभोवती, सिलिंडरच्या बुडाशी आणि ड्रेन बोल्टाभोवती झटकली. टाल्कमही चालते, पण कॅरमची बोरिक पावडर जास्त सुकी असते आणि धातूवर पातळ बसते. नंतर दहा-बारा किलोमीटरची फेरी मारून गाडी डबल स्टँडवर लावली आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघितलं.

हेड वरवर बघता कोरडं. सिलिंडरचं बूड कोरडं. किकच्या शाफ्टभोवती पावडर पांढरीच. ड्रेन बोल्ट कोरडा. कव्हरच्या खालच्या-मागच्या कोपऱ्यात मात्र दोन बोटं रुंदीचा काळा पट्टा, जोडाच्या रेषेतून सुरू होऊन खाली गेलेला. पुढच्या-खालच्या कोपऱ्यात आणखी एक फिकट ओल. वरचा अर्धा जोड पूर्ण पांढरा.

हे असंच व्हायला हवं. इंजिन बंद असताना तेल तळाशी साठतं आणि जोडाचा खालचा भाग रात्रभर त्यात बुडालेला असतो. वरच्या भागावर फक्त चालू इंजिनचे शिंतोडे येतात. गाडी उभी असताना गळते म्हणजे दोष जोडाच्या खालच्या निम्म्यात आहे. फक्त चालताना गळत असेल तर वर बघा, आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी दबली-चोंदली नाही ना, तेल जास्त भरलेलं नाही ना, हेही बघा. या गाडीला ९०० मिलीची बाटली पुरते. एक लिटरची बाटली आणून ‘आता फोडलीच आहे तर’ म्हणून सगळी ओतणारे खूप आहेत. इथे पातळी बरोबर होती, नळी मोकळी होती, तेल दुधाळही नव्हतं. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढलेली असेल तर तेलाचा रंग आधी बघावा. चहासारखा दुधी दिसला तर इंजिनात पाणी शिरलंय आणि मग तो वेगळाच विषय होतो.

पट्टा सापडल्यावर त्या दोन कोपऱ्यांतले बोल्ट जवळून बघितले, आणि प्रकरणाचा निकाल खरं तर इथेच लागला. पुढच्या-खालच्या बोल्टच्या डोक्याखाली एकावर एक तीन वॉशर होते. बाकी एकाही बोल्टला वॉशर नव्हता. दाढीच्या ब्लेडचं पातं त्या वॉशरांच्या फटीत आरामात सरकत होतं आणि बोल्ट तर घट्ट लागत होता. मागच्या-खालच्या बोल्टला आठ नंबरचा टी पाना लावला तर तो गोलगोल फिरायला लागला. आटे गेलेले.

सामान

क्लच कव्हरचं पॅकिंग, किक शाफ्टचं सील, ड्रेन बोल्टचा वॉशर, सायलेन्सरच्या तोंडाची रिंग आणि तेल. पहिल्या चार वस्तू मिळून फार पैसे होत नाहीत. पॅकिंग शंभराच्या आत येतं, तेलाची बाटली चारशेच्या आसपास. पॅकिंग घेताना दुकानदाराला ‘दादा, स्प्लेंडरचं पॅकिंग द्या’ एवढंच सांगितलं तर तो पहिला प्रश्न विचारेल, मॅग्नेट साइड की क्लच साइड. उजवी, म्हणजे किकची बाजू, क्लच साइड. मॉडेल आणि वर्ष सांगा, आणि शक्य असेल तर जुनं पॅकिंग निघाल्यावर नव्यावर ठेवून एकेक भोक जुळवून बघा. याच कुळातल्या गाड्यांची पॅकिंग लांबून सारखीच दिसतात. बोल्टचं भोक जुळतं आणि तेलाच्या वाटेचं छोटं भोक बंद राहतं, असं झालं तर गळती थांबेल पण आत जिथे तेल पोहोचायला हवं तिथे ते पोहोचणार नाही.

तेल १०डब्ल्यू-३०, जासो एमए (तेलात भिजणाऱ्या क्लचसाठीची खूण) लिहिलेलं. कारचं उरलेलं तेल ओतू नये. या गाडीचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो आणि कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असली की क्लच घसरायला लागतो.

पाने : आठचा आणि दहाचा टी, बारा, चौदा आणि सतराची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना, पक्कड, रबरी हातोडी. खरवडायला जुन्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा आणि बांबूची चपटी काडी. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर उत्तम, नसेल तर काय करायचं ते पुढे येतं. गाडीखाली फोडलेला मोठा पुठ्ठा आणि त्यावर पसरट ट्रे. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर एकदा काळं तेल सांडलं की ते वर्षभर दिसतं आणि मीटिंगमध्ये निघतं.

उघडणं

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट केलं, म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण उतरतं. कडक गरम नको, सायलेन्सरला हात लागणारच असतो. डबल स्टँडवर घेऊन डिपस्टिक मोकळी केली, सतराच्या पान्याने ड्रेन बोल्ट काढला आणि वीस मिनिटं निथळू दिलं.

तेवढ्या वेळात बाकीची वाट मोकळी करायची. सायलेन्सर हेडला दोन दहाच्या नटांवर आणि मागे एका बोल्टवर असतो. तो न काढता, नुसता ढिला करून काम उरकणारे आहेत, पण मग खालच्या बोल्टांना पाना तिरका लागतो आणि हे प्रकरण खालच्या बोल्टांचंच होतं. हेडच्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ते कोरडे पिळले आणि स्टड तुटला तर रविवार गेला. मग पाय ठेवायचा दांडा खालून बाराच्या पान्याने काढला, ब्रेकचं पेडल खाली दाबून बाजूला ठेवलं, किकचा दांडा त्याचा बोल्ट पूर्ण बाहेर काढून ओढला. बोल्ट नुसता ढिला करून किक ओढू नये. तो शाफ्टच्या खाचेत बसलेला असतो, त्यामुळे दांडा निघत नाही आणि लोक हातोडीवर येतात. शेवटी क्लच केबलचा ॲडजस्टर ढिला करून केबल कव्हरवरच्या आर्ममधून सोडवली.

आता कव्हरचे बोल्ट. सगळे ६ मिमीचे, डोकं आठचं, पण लांबी एकसारखी नसते. काढण्याआधी मिठाईच्या बॉक्सच्या झाकणावर कव्हरची आकृती ढोबळ काढली, बोल्टच्या जागी भोकं पाडली आणि निघाला तसा प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचला. ही पाच मिनिटं वाचवायची म्हणून आधी कोणीतरी सगळे बोल्ट एका वाटीत टाकले असणार. ढिले करताना आधी समोरासमोरचे अर्धा-अर्धा आटा सोडवत गेले, मग पूर्ण काढले.

कव्हर चिकटलेलं असतंच. त्याच्या जाड कडेवर रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके दिले की जोड सुटतो. सिलिकॉनने चिकटवलेलं असेल तर ठोके जास्त द्यावे लागतात, इथे दहा मिनिटं गेली. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा मोह इथेच होतो. या गाडीवर आधी तो कोणाला तरी आवरला नव्हता : कव्हर निघाल्यावर मागच्या-खालच्या कोपऱ्यात, बरोबर काळ्या पट्ट्यापाशी, दोन आडवे ओरखडे दिसले, एक कव्हरवर आणि एक इंजिनच्या बाजूला. नख अडकत होतं.

कव्हर सरळ बाहेर ओढायचं. त्यासोबत अर्धा कप तेल येतं, ट्रे तयार ठेवा. कव्हर निघताक्षणी फोनवर दोन फोटो काढा, एक इंजिनचा, एक कव्हरच्या आतल्या बाजूचा. किकच्या शाफ्टवरचा किंवा क्लचच्या दाबणाऱ्या भागातला एखादा वॉशर कव्हरला चिकटून येतो आणि नंतर ट्रेमध्ये टपकतो. तो कुठला हे फोटोशिवाय आठवत नाही. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिनांपैकी एक कव्हरमध्ये राहिली होती, एक इंजिनमध्ये. तसं होऊ शकतं, फक्त दोन्ही मोजून ठेवा.

बोल्टचा हिशेब

पुठ्ठ्यावर खोचलेले बोल्ट बाहेर काढून शेजारी-शेजारी ठेवले. मागच्या-खालच्या भोकातला बोल्ट पुढच्या-खालच्यापेक्षा बरोबर १० मिमी आखूड होता. दोघांची अदलाबदल झाली होती.

मागच्या भोकात लांब बोल्ट साधारण १४ मिमी आत जायला हवा. तिथे आखूड बोल्ट लावला तर फक्त ४ मिमी पकडतो, म्हणजे १ मिमीच्या आट्याने चार आटे. ॲल्युमिनियममध्ये बोल्टची पकड त्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट असावी लागते, ६ मिमीला ९ ते १२ मिमी. चार आट्यांवर बोल्ट घट्ट करायला गेलं की ते सोलून निघतात आणि तो कोपरा दाबलाच जात नाही. पुढच्या भोकात उलटा प्रकार. तिथे लांब बोल्ट तळाला टेकला आणि डोकं ५ मिमी बाहेर राहिलं. ते भरायला कोणीतरी १.६ मिमीचे तीन वॉशर घातले, एकूण ४.८. उरले ०.२ मिमी. ब्लेडचं पातं त्या ०.२ मध्ये फिरत होतं. पान्याला घट्ट लागत होतं ते बोल्टचं टोक भोकाच्या तळाशी, कव्हरवर दाब शून्य.

म्हणजे खालचे दोन्ही कोपरे वर्षभर नुसते शेजारच्या बोल्टांच्या भरवशावर होते. पॅकिंग नवीन असताना फुगून, थोडं चिकटून महिनाभर तग धरतं. इंजिन गरम-थंड होत राहिलं की दाब नसलेल्या जागी ते सुटतं. दीड महिना आणि तीन आठवड्यांचा हिशेब हा आहे.

आटे गेलेलं भोक म्हटलं की लगेच हेलिकॉइल आठवतो : ६.३ मिमीचं ड्रिल, त्याचा टॅप आणि नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. उघड्या इंजिनशेजारी ड्रिल चालवायची गरज आहे का ते आधी बघावं. आगपेटीची काडी भोकात घालून खोली मोजली. वरचे चार आटे गेले होते, त्याखाली १० मिमी कोरे, कधी न वापरलेले आटे शिल्लक होते. योग्य लांबीचा बोल्ट हाताने फिरवून घातला तर तो खाली जाऊन व्यवस्थित पकडला. दहा मिमी पुरेसे आहेत, हेलिकॉइल टळला.

पुन्हा लावताना असली चूक पकडायची युक्ती सोपी आहे. कव्हर जागेवर बसवून सगळे बोल्ट आपापल्या भोकात नुसते ढकला, फिरवू नका. सगळ्यांची डोकी कव्हरपासून साधारण एकाच उंचीवर, १० ते १५ मिमी बाहेर दिसली पाहिजेत. एखादं बुटकं किंवा एखादं उंच दिसलं की अदलाबदल झाली आहे.

खरवडणं

इथे घाई केली की नवीन पॅकिंगही जातं. आधी इंजिनच्या बाजूची सगळी उघडी तोंडं स्वच्छ सुती कापडाने बंद केली. मग जुना कागद थिनरच्या बोळ्याने ओला करून दहा मिनिटं ठेवला. प्लास्टिकच्या पट्टीने बराचसा निघाला, राहिलेल्या पापुद्र्याला ब्लेड जवळजवळ आडवं धरून. ब्लेड उभं धरलं की ॲल्युमिनियमची साल निघते. इंजिनच्या बाजूला पॉलिश पेपर लावायचा नाही, कितीही बारीक असला तरी. त्याची पूड तेलात गेली की बेअरिंगला तीच पूड घासत राहते.

कव्हर सुटं असतं, त्याला मोकळेपणाने घासता येतं. टीपॉयची जाड काच जमिनीवर ठेवून, त्यावर पाण्यात भिजवलेला ६०० नंबरचा पेपर पसरून कव्हर चार-पाच वेळा हलक्या हाताने आठाच्या आकड्यात फिरवलं. चमकलेले भाग उंच, काळे राहिलेले भाग खोल. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) असेल तर काचेवर कव्हर ठेवून ०.०५ मिमीची पात कुठे शिरते का ते बघा. इथे फक्त ओरखड्यांच्या काठावर उंचवटे निघाले. ओरखडा स्वतः फारसा गळत नाही, पॅकिंग त्यात थोडं बसतं. पण स्क्रू ड्रायव्हरने दाबलेली धातू काठाला फुगून वर येते आणि त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग अधांतरी राहतं. इंजिनच्या बाजूचा उंचवटा बारीक ऑइल स्टोनने (धार लावायच्या दगडाने), भोवती कापड खोचून, चार घासांत सपाट झाला. मग कव्हर साबण-पाण्याने, रॉकेलने आणि पुन्हा कोरड्या कापडाने धुतलं. पांढऱ्या कापडावर काळा डाग येईना तोपर्यंत.

बोल्टची भोकंही पुसायची. बंद बुडाच्या भोकात तेल साचलेलं असेल आणि वरून बोल्ट पिळला तर तेल दबत नाही, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, जोर लावला तर ओतीव भाग तडकतो. कान साफ करायच्या काडीने प्रत्येक भोकातलं तेल टिपून घेतलं. तीन काड्या काळ्या निघाल्या.

जाळीत काय होतं

या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. एक फिरता फिल्टर असतो, त्याला या कामात हात लावला नाही, आणि उजव्या बाजूला तळाशी खाचेत सरकवलेली एक छोटी तारेची जाळी असते. पंप तेल ओढतो ते याच जाळीतून. कव्हर उघडलं की ती पक्कडीने अलगद बाहेर येते, आणि उघडलंच आहे तर काढलीच पाहिजे.

जाळीचा जवळजवळ निम्मा भाग करड्या रबरी दोऱ्यांनी भरलेला होता. शेवयांसारखे, दोन-तीन मिमी लांबीचे, काही गोळ्या. आधीच्या कामात जोडावर सिलिकॉनची जाड दोरी घातली होती. बोल्ट आवळल्यावर त्यातलं जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं दिसतं, बोटाने पुसलं जातं. आतलं सुकून तुटतं आणि तेलाबरोबर जाळीवर येऊन बसतं. जाळी पूर्ण बंद झाली असती तर पहिला फटका हेडमधल्या कॅमला आणि रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना) बसला असता, कारण तिथे तेल पंपानेच पोहोचतं. वीस-तीस थेंबांची गळती थांबवायला हेड उघडायची पाळी आणण्याचा हा ठरलेला मार्ग.

जाळी रॉकेलमध्ये दाताच्या ब्रशने धुऊन, उजेडासमोर धरून, आरपार स्वच्छ दिसल्यावर जशी निघाली तशाच बाजूने परत सरकवली. पेट्रोलने धूत असाल तर पार्किंगच्या बंद कोपऱ्यात नको, आणि शेजारी कोणी विडी ओढत उभं असेल तर त्याला आधी घालवा.

कागदी पॅकिंगला सिलिकॉन लागत नाही. या गाडीवर ते फक्त एका ठिकाणी वापरलं : दोन्ही बाजूंच्या ओरखड्यांत, टूथपिकच्या टोकाने, ओरखडा भरेल इतकंच, आणि वरचं पट्टीने सपाट पुसून. हे सिलिकॉन (आरटीव्ही) हवेतल्या दमटपणावर सुकतं, त्यामुळे ठाण्याच्या जून-जुलैच्या हवेचा त्याला त्रास नाही. मात्र धातूवर तेलाचा किंवा पाण्याचा अंश असला तर ते धरत नाही.

बसवणं

किकचं जुनं सील कोरडं होतं, तरी बदललं. नवीन सील जुन्याच्याच दिशेने, जुळत्या मापाच्या गोटीने सरळ ठोकून बसवलं आणि ओठाला ग्रीस लावलं. किकच्या शाफ्टवरचे दाते धारदार असतात, कव्हर सरकवताना ते नव्या सीलचा ओठ कापतात. दुधाच्या पिशवीचा तुकडा शाफ्टच्या टोकावर घट्ट गुंडाळून, वरून तेलाचं बोट फिरवून कव्हर सरकवलं, मग पिशवी ओढून काढली.

पॅकिंग इंजिनच्या बाजूला डॉवेल पिनांवर अडकवलं, कव्हरच्या बाजूला ग्रीसचा नुसता पुसट हात दिला. त्याने पॅकिंग जागेवर राहतं आणि पुढच्या वेळी खरवडायचा दीड तास वाचतो.

पहिल्या प्रयत्नात कव्हर मागे दोन मिमी अडलं. अशा वेळी बोल्टने ओढून बसवायचं नाही. कव्हर हाताच्या दाबाने आणि तळव्याच्या एक-दोन ठोक्यांनी पूर्ण बसतं, बसत नसेल तर आत काहीतरी जागेवर नाही. कव्हर काढून बघितलं तर एक डॉवेल पिन तिरकी झाली होती. ती काढून, तोंडावरचा कच घासून, सरळ ठोकली. क्लचचा आर्म हाताने फिरवत कव्हर पुन्हा ढकललं आणि ते बसल्याचा धप्प आवाज आला. आर्म हाताने दाबल्यावर थोडा मोकळा आणि मग जड लागला, म्हणजे क्लचशी जुळला. मोकळाच फिरत राहिला असता तर परत उघडावं लागलं असतं, आणि ते आताच कळलेलं बरं.

बोल्ट आपापल्या भोकात, उंची तपासून, सगळे आधी बोटांनी. मग समोरासमोर, मधल्यापासून कडेला, तीन फेऱ्यांत : ४, मग ८, मग १० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर टी पान्याची आडवी दांडी मुठीत न धरता अंगठा आणि दोन बोटांनी, मध्याजवळ धरून फिरवा. बोटांनी फिरायचं थांबलं की थांबा. मुठीचा जोर आला की ६ मिमीचा बोल्ट ॲल्युमिनियममधून आटे घेऊनच येतो. मागच्या-खालच्या बोल्टला ८ वरच थांबवलं, दहा मिमीच्या पकडीवर ते पुरतं. ड्रेन बोल्ट नवीन वॉशरसह, साधारण २५ न्यूटन-मीटर.

सायलेन्सरच्या तोंडाची रिंग नवीन. जुनी चेपलेली असते, परत लावली तर फटफट आवाज येतो. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल ठेवून केबल जुळवली.

सिलिकॉनच्या त्या दोन रेघांसाठी गाडी रात्रभर तशीच ठेवली. सोमवारी सकाळी ८०० मिली तेल ओतलं, इंजिन तीन मिनिटं चालवलं, तीन मिनिटं थांबून डिपस्टिक बघितली. ती पुसून घालायची आणि आटे न फिरवता नुसती टेकवायची. आटे फिरवून मापलं तर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. उरलेलं थोडं-थोडं टाकून वरच्या खुणेच्या किंचित खाली आणलं.

काढलेलं तेल त्याच रिकाम्या बाटलीत भरून सर्व्हिस सेंटरच्या जुन्या तेलाच्या पिंपात दिलं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, आणि कळव्याचं गटार खाडीतच जातं.

त्यानंतर

पुन्हा पावडर मारून रबाळ्याची एक फेरी झाली. दोन्ही कोपरे पांढरे. शंभर किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट एकदा त्याच मापाला तपासले. कागद पहिल्या काही गरम-थंडच्या फेऱ्यांत थोडा दबतो, त्यामुळे चार बोल्टांनी पाव आटा घेतला. यापेक्षा पुढे पुन्हा पुन्हा आवळायचं नाही.

आठशे किलोमीटरला डिपस्टिकवर पातळी दोन मिमी खाली, जी या वयाच्या इंजिनाला जळण्यातच जाते. पार्किंगमधला पुठ्ठा कोरडा. हेडवरच्या एका टॅपेटच्या टोपीखाली मात्र आता पुसटशी ओल दिसते. ती आधीही असणार, खालच्या पसाऱ्यात दिसत नव्हती. टोपीचा ओरिंग आणून ठेवलाय. पुढच्या तेल बदलाच्या वेळी टॅपेट सेट करायला ती टोपी उघडायचीच आहे, तेव्हा तो बदलला जाईल.